अन्नग्रहण आणि अहिंसा : टारफुला, मधमाशी व भिक्षुक

प्रस्तुत लेखात दोन शंकांचा विचार करावयाचा आहे. पहिली शंका शिकलेल्या तरुण उपदेशी मंडळींकडून वारंवार येते. 'वनस्पतीही सजीव आहेत. मग भाकरी खाणारा अहिंसक आणि मांस खाणारा हिंसक, हा भेद कशाच्या आधारावर?' असे ते विचारतात. दुसरी शंका साधूच्या तोंडावर सहसा कोणी बोलत नाही. ती पाठीमागे बोलली जाते. 'भिक्षा मागून जगणारा म्हणजे समाजाच्या फांदीवरचे बांडगूळ' अशी ती शंका आहे. वरवर पाहता या दोन्ही गोष्टी निराळ्या वाटतात. परंतु दोहोंचे मूळ एकच आहे. देहधाऱ्यास अन्न कोठून मिळते आणि ते घेताना तो कोणाचे काय घेतो, हे नीट कळल्याखेरीज एकाही शंकेचे समाधान होत नाही. शास्त्रवचन पुढे करून शंकाकारास गप्प बसविता येते. पण जो वचन मानीत नाही, तो गप्प बसला तरी त्याची शंका तशीच राहते. म्हणून आधी शेतात जाऊ आणि मग शास्त्राकडे येऊ.

सोलापूरच्या परिसरात राहणाऱ्यास शेत म्हटले की रब्बीची ज्वारी आठवते. मंगळवेढ्याच्या काळ्या, खोल जमिनीला ज्वारीचे कोठार म्हणतात, आणि तेथील मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या मालदांडीतूनच निवड पद्धतीने तयार केलेला 'एम ३५-१' हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात सिद्ध झाला आणि आजही शेतकरी तो पेरतात. पावसाळा सरत आला की पेरणी होते. त्यानंतर आकाशातून फारसे काही पडत नाही. जमिनीत मुरलेल्या ओलीवर ताट वाढते, पुरुषभर उंच होते, कणीस भरते. हे एवढे वैरण-दाण्याचे वस्तुमान आले कोठून?

पुष्कळ लोक सहज उत्तर देतात, 'मातीतून.' हे उत्तर चुकीचे आहे, आणि ते चुकीचे असल्याचे चांगले पावणेचारशे वर्षांपूर्वीच दिसून आले होते. ब्रुसेल्सचे वैद्य व्हॅन हेलमाँट यांनी एका कुंडीत २०० पौंड वाळविलेली माती घालून तीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे त्यास केवळ पाणी घातले. पाच वर्षांनंतर झाड भरले १६९ पौंड; माती मात्र अवघी दोनएक औंस कमी झाली होती. त्यांचा हा प्रयोग १६४८ साली प्रसिद्ध झाला. झाड पाण्याचेच बनते, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो अर्धाच खरा ठरला. उरलेला अर्धा भाग हवेत होता. १७७९ साली यान इंगेनहाउझ यांनी दाखविले की वनस्पतीचा हिरवा भाग उजेडात असेल तरच हवा शुद्ध करतो, अंधारात करीत नाही. पुढे हळूहळू सर्व प्रक्रिया उलगडली. पान आपल्या सूक्ष्म रंध्रांतून हवेतील कर्बवायू घेते, मुळे पाणी पुरवितात, हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषते, आणि त्या प्रकाशाच्या बळावर कर्बवायू व पाणी यांची शर्करा होते. प्राणवायू बाहेर पडतो. मातीतून जी क्षारद्रव्ये येतात ती आवश्यक खरी, पण ती भाजीतल्या मिठासारखी. पीठ आहे हवेचे आणि पाण्याचे, जाळ आहे सूर्याचा.

ज्वारीची यात विशेष गोष्ट अशी की रंध्रे उघडल्याशिवाय कर्बवायू आत येत नाही, आणि उघडली की पाणी उडून जाते. ज्या प्रदेशात पाणीच मोजके, तेथे झाडाने काय करावे? हॅच आणि स्लॅक या दोघांनी १९६६ साली उसाच्या पानात एक निराळीच योजना दाखवून दिली, आणि ज्वारीतही तीच आहे. पान कर्बवायू आधी एका आम्लात बांधून घेते, मग आतल्या पेशींत नेऊन तेथे तो दाट करते आणि तेथे शर्करा सिद्ध करते. त्यामुळे रंध्रे थोडी उघडूनही काम भागते. मालदांडीने मंगळवेढ्याच्या कोरड्या हवेत तग धरावा, यात या योजनेचा मोठा वाटा आहे.

तर वनस्पती स्वतःचे अन्न स्वतः रांधते. बाकीचे आपण सर्व, मुंगीपासून महंतापर्यंत, रांधलेले खाणारे आहोत. वनस्पतीने शर्करेत बांधून ठेवलेली ऊर्जा आपल्या पेशी प्राणवायूच्या साहाय्याने थोडीथोडी सोडवून घेतात. यालाच श्वसन म्हणतात, आणि स्वतः वनस्पतीही आपल्या गरजेपुरते तेच करते. दिवसाला सुमारे २००० किलोकॅलरी अन्न पचविणारा मनुष्य अखंडपणे साधारण १०० वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता देत असतो. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३० ते ३५० किलोकॅलरी असतात. म्हणजे आपल्या अंगाची ऊब ही पौष-माघाच्या उन्हाची ऊब होय. कणसात थांबून ती आपल्याकडे आली, इतकेच. सूर्यावाचून चालणारी सृष्टीही आहे. १९७७ साली गॅलापागोस बेटांजवळ खोल समुद्राच्या तळाशी, उष्ण झऱ्यांभोवती, रासायनिक द्रव्यांतून ऊर्जा घेणाऱ्या जिवाणूंवर जगणारे जीव सापडले. पण तो अपवाद आपल्या प्रश्नास लागू नाही. सोलापुरात सूर्याची वाण नाही.

आता पहिल्या शंकेकडे वळू. शाकाहाराच्या बाजूने हल्ली एक गणिती युक्तिवाद केला जातो. एका पायरीवरील अन्नातली ऊर्जा दुसऱ्या पायरीवर जाताना बहुतांश उष्णतेच्या रूपाने निघून जाते. ढोबळ मानाने दहावा हिस्सा पुढे पोहोचतो. लिंडमन यांनी १९४२ साली एका तळ्याच्या अभ्यासातून हा विचार मांडला. नान्नजच्या माळावर हे डोळ्यांना दिसते. १९७९ साली माळढोकासाठी राखलेल्या त्या अभयारण्यात गवत उदंड, गवतावरचे नाकतोडे पुष्कळ, काळविटांचे कळप आहेत, पण लांडगे मोजकेच. नाकतोडे, भुंगेरे, बोरे आणि ज्वारीचे दाणेही खाणारा माळढोक तर आता क्वचितच दृष्टीस पडतो. त्यास ऊर्जेचे गणित कारण नाही, माळ नाहीसे होणे हे कारण आहे. तात्पर्य, युक्तिवाद असा की मांस खाणारा त्या पशूने खाल्लेले सर्व गवतही अप्रत्यक्षपणे खातो; म्हणून वनस्पतीची हिंसाही त्याच्याकडून अधिक होते.

हा युक्तिवाद बरोबर आहे, परंतु अहिंसेचा पाया त्यावर रचू नये, असे आमचे मत आहे. धनगराची मेंढरे ज्या माळावर चरतात तेथे ज्वारी पिकत नाही. मनुष्याच्या पोटाला निरुपयोगी असे गवत तेथे दुधामांसात बदलते. तेथे गणित उलटेही पडू शकेल. मग काय गणित उलटले की मेंढरू मारणे निर्दोष होते? ज्याची अहिंसा हिशेबावर उभी आहे, त्याची अहिंसा हिशेब बदलताच पडते.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींची सशाची लीळा आपल्या सर्वांना परिचित आहे. पारध्यांच्या भयाने पळालेला ससा स्वामींच्या जानूखाली येऊन लपतो; पाठोपाठ पारधी येतात आणि तो होडेचा ससा असल्याचे सांगून मागतात. या लीळेवर शरणागताच्या रक्षणाच्या अंगाने पुष्कळ निरूपण झाले आहे आणि ते युक्तच आहे. येथे दोन गोष्टींकडे लक्ष वेधावयाचे आहे. एक, ती शिकार भुकेसाठी नव्हती, पैजेसाठी होती. कुत्रे सशामागे धावते ते त्याच्या स्वभावाने. मनुष्याने मात्र त्या धावण्यावर होड लावली. दुसरी गोष्ट, ससा पळाला. त्याला जगावयाचे होते हे सांगण्यास कोणत्याही उपकरणाची गरज नव्हती. जगदीशचंद्र बोस यांनी १९०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत दाखविले की वनस्पतीसुद्धा आघाताला प्रतिसाद देते. शंकाकार त्याच प्रयोगाचा दाखला देतात. परंतु प्रतिसाद देणे आणि पीडा जाणणे या दोन अवस्था आहेत. पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही. ससा ज्या रीतीने आपले मरण नाकारतो, त्या रीतीने पिकलेले कणीस ते नाकारीत नाही. मालदांडीचे कणीस पक्व होईतो ताट आपण होऊनच वाळत आलेले असते.

तरीही ज्वारी खाणे म्हणजे काहीच न घेणे, असे म्हणता येणार नाही. फळ आणि धान्य यांत भेद आहे. बोराचा गर झाडाने खाणाऱ्यासाठीच केलेला असतो. गर खाऊन जो बी दूर टाकतो त्याची ती मजुरी आहे. ज्वारीचा दाणा तसा नव्हे. त्यात एक अंकुर झोपलेला असतो, आणि पानांनी जी शर्करा सिद्ध केली ती पिष्टाच्या रूपाने त्या अंकुराची शिदोरी म्हणून भरून ठेवलेली असते. आपण जाते फिरवितो तेव्हा ती शिदोरी आपल्या तोंडी जाते. चार खाणींत उद्भिज्जाची गणना आहेच. म्हणून भाकरी संपूर्ण निर्दोष आहे असे उत्तर शंकाकारास देऊ नये. दोष अल्प आहे, देहधारणेस अपरिहार्य आहे, आणि जे टाळता येण्याजोगे आहे त्यापुढे तो पुष्कळ लहान आहे, असे द्यावे. देह हा प्रपंचाचा आणि अन्नही प्रपंचाचेच; जीव याहून भिन्न. देह आहे तोवर देहाचा हा व्यवहार सुटत नाही.

गाय तरी निव्वळ तृण खाते काय? कडब्यातील तंतुमय भाग पचविण्याचे सामर्थ्य गायीच्या स्वतःच्या ठायी नाही. तिच्या चार कप्प्यांच्या जठरातील पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव वस्तीला असतात. ते कडबा कुजवितात, त्यातून गायीला ऊर्जा मिळते, आणि पुढच्या कप्प्यांत गेलेले तेच सूक्ष्मजीव ती पचविते. म्हणजे जिला आपण अहिंसेची मूर्ती म्हणतो ती रोज कोट्यवधी जीव पचवीत असते. साताऱ्याजवळच्या कास पठारावर दवबिंदू नावाचे इवलेसे रोप आपल्या चिकट केसांवर कीटक धरून त्यांतील नत्र शोषून घेते. सृष्टीकडे पाहून धर्म ठरवू जाणाऱ्याने ही उदाहरणे ध्यानात ठेवावीत. गायीवर दोष येत नाही, कारण तिच्यापुढे दुसरा पर्याय नाही. मनुष्यापुढे आहे, आणि म्हणून त्याच्यावर येतो.

उरला शेतकरी. तो ज्वारीची शिदोरी घेतो. पण त्याच्या हातूनच ज्वारी जगते. आफ्रिकेत मूळ असलेले हे धान्य हजारो वर्षांपूर्वी आपल्या देशात आले ते मनुष्याच्या हाताने. रानटी ज्वारीचे दाणे पिकताच आपोआप गळतात. लागवडीच्या ज्वारीचे कणसातच राहतात. पेरणारा नसेल तर ती फार काळ टिकणार नाही. शेतकरी दाणा घेतो आणि बियाणे राखून पुढच्या वर्षी पेरतो. हा विनिमय आहे. तुरीच्या व हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींतही असाच विनिमय चालतो. गाठीतील जिवाणू हवेतला नत्रवायू बांधून झाडास देतात, झाड त्यांना शर्करा देते. १८८० च्या दशकात जर्मनीत हेलरीगेल व विल्फार्थ यांनी हे शोधून काढले. पण फेरपालटात तूर-हरभरा घेतल्याने जमीन सुधारते हे आपला कुणबी त्यापूर्वीपासून जाणत होता.

येथे दुसरी शंका उभी राहते. शेतकरी पेरतो, भिक्षुक पेरीत नाही, कापीत नाही, रांधीतही नाही. मग तो कोणत्या वर्गातला?

आधी शंकाकाराचे उदाहरण तपासू. आंब्यावरचे बांडगूळ हिरवे असते, म्हणजे आपली शर्करा बव्हंशी ते स्वतः करते. आंब्यापासून घेते ते पाणी व क्षार. त्याच्या फुलांतील मध सूर्यपक्षी पितात, त्याची चिकट फळे फुलटोचा खातो आणि बी दुसऱ्या फांदीवर नेऊन चिकटवितो. आंब्याचे नुकसान होते हे खरे. फांदी वाळते हेही खरे. तरी शिवी द्यावयाची तर बांडगुळाहून योग्य उदाहरण ज्वारीच्या शेतातच आहे. ते म्हणजे टारफुला.

टारफुल्याचे बी धुळीच्या कणासारखे बारीक असते. एकेका रोपाला हजारो बिया येतात आणि जमिनीत दहा-दहा वर्षे निपचित पडून राहतात. जवळ ज्वारीचे मूळ आले की बी जागे होते, त्याचा कोंब मुळाला भिडतो, आत शिरतो, आणि ताटाचे पाणी, क्षार, तयार शर्करासुद्धा ओढू लागतो. वर पांढरी फुले दिसेपर्यंत शेतकऱ्यास पत्ता लागत नाही. तोवर ज्वारी पिवळी पडलेली असते. हलक्या, निकस जमिनीत याचा उपद्रव अधिक. प्रश्न असा की मूळ जवळ आले हे बियाला कळते कसे? मुळातून एक द्रव्य अत्यल्प प्रमाणात पाझरते, त्याच्या खुणेने. ते द्रव्य शास्त्रज्ञांच्या हाती १९६६ साली लागले. पण झाड आपल्याच वैऱ्याला जागे करणारे द्रव्य कशासाठी पाझरते, हे कोडे पुढे जवळजवळ चाळीस वर्षे सुटले नाही. २००५ साली जपानी संशोधकांनी दाखविले की ती हाक टारफुल्यासाठी नसतेच. मुळांशी सख्य करून मातीतले स्फुरद त्यांना पुरविणाऱ्या बुरशीसाठी ती असते. निकस जमिनीत झाड ती हाक अधिक देते, कारण तेथे त्याला मित्राची अधिक गरज असते. चोर ती हाक ऐकतो आणि मित्राच्या आधी येतो.

हे वाचल्यापासून आमच्या मनातून ते जात नाही. वासनिकाच्या घरी श्रद्धा असते ती एका अर्थी अशीच हाक आहे. परमेश्वराविषयीची ओढ, आपल्या दुःखातून सुटण्याची तळमळ त्या घरातून पाझरत असते. आणि घर जितके पीडित, तितकी ती हाक मोठी. त्या हाकेवर कोणीही येऊ शकतो. वेष धारण केलेला, वाणी सिद्ध असलेला आणि पोटापुरता आलेला मनुष्य त्या घराला बाहेरून ओळखू येत नाही, जसे ज्वारीच्या मुळाला ओळखू येत नाही. शंकाकाराच्या शिवीला रागावण्यापूर्वी आम्हा भिक्षुकांनी हे स्वतःशी पडताळून पाहावे.

या शंकेस नेहमी दिले जाणारे उत्तर असे की गृहस्थ अन्न देतो, साधू ज्ञान देतो. हाही तुरीच्या गाठीसारखा विनिमयच आहे. ऐकावयास ते गोड आहे. आम्हास मात्र ते पटत नाही. तसे असेल तर भिक्षा ही भिक्षा राहत नाही, वेतन होते. मग जो उत्तम निरूपण करतो त्यास पक्वान्न आणि जो नुसते स्मरण करीत एकांतात बसतो त्यास कोरडा तुकडा, असा भाव ठरू लागेल. शिवाय आपल्या दर्शनाप्रमाणे ज्ञानाचा दाता परमेश्वरच. जे आपले नाही ते देऊन भाकरीची फेड केली, असे भिक्षुकाने कोणत्या तोंडाने म्हणावे? भिक्षुक ऋणी आहे आणि ऋणीच राहतो. अटन, विजन, भिक्षा, स्मरण या आचारक्रमात भिक्षेला जे स्थान आहे ते या ऋणाची जाणीव रोज ताजी व्हावी म्हणून, असे आम्हास वाटते.

मग टारफुल्याहून भेद कशात? मराठीत भिक्षेला 'मधुकरी' हा शब्द रूढ आहे, आणि शब्द बनविणाऱ्याने मधमाशी पाहिलेली होती. मधमाशी एका फुलावर क्षणभर थांबते, थोडे घेते, पुढे जाते. फूल जसेच्या तसे राहते. तिच्या अंगाला लागलेल्या परागांनी फुलाचे काम होते हे खरे, पण ते तिला ठाऊकही नसते; आणि फेड केल्याचा अभिमान नसलेली फेड हीच भिक्षुकास साजणारी. टारफुला एकाच मुळाला धरून बसतो आणि ते वाळेपर्यंत सोडीत नाही. दोघेही दुसऱ्याने रांधलेलेच खातात. भेद आहे तो किती घरे, किती घास आणि किती वेळ यात. घर न निवडणे, रुचीची अपेक्षा न ठेवणे, अनेक घरांचे अन्न एकत्र होऊन त्याची चव लोपणे, या गोष्टी केवळ रसनाजयासाठी आहेत असे समजले जाते. त्यांत देणाऱ्याचे रक्षणही आहे, याकडे तितके लक्ष जात नाही.

१९७२ च्या दुष्काळात या जिल्ह्यात ज्वारी पिकली नाही, तेव्हा परदेशातून आलेली लाल मिलो लोकांनी खाल्ली. मिलो म्हणजे ज्वारीचीच एक जात. अमेरिकेच्या शेतावर पडलेले ऊन सोलापूरच्या चुलीवर आले, असे म्हणता येईल. खडी फोडून आलेल्या माणसाच्या घरी सुकडी आणि मिलो मोजून मिळत असताना दारात झोळी घेऊन उभे राहणे म्हणजे काय, याचा विचार त्या पिढीच्या साधूंना करावा लागला असेल. अशा दारावरून न थांबता पुढे जाणे हाही भिक्षाधर्माचाच भाग आहे. घर न निवडण्याच्या नियमाचा त्याने भंग होत नाही, कारण ती निवड आपल्या रुचीसाठी नसते.

आज परिस्थिती उलटी आहे. धान्य विपुल आहे, दाते उदार आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी मठाचे कोठार वर्षभराच्या धान्याने एकाच वेळी भरते, कधी एकाच दात्याकडून. झोळी खुंटीला राहते. वृद्ध, आजारी, अध्ययनात गढलेले यांच्यासाठी ही सोय असावी, यात वाद नाही. परंतु ज्याचे पाय चालतात त्याने कोठारावरच जगावे काय, हा प्रश्न प्रत्येक आश्रमाने आपापल्या ठिकाणी विचारात घेण्यासारखा आहे. सोलापूरसारख्या शहरात सकाळी दारे बंद असतात, सदनिकांच्या फाटकावर राखणदार अडवितो, कचेरीला निघालेल्या गृहिणीस थांबावयास सवड नसते. या अडचणी खऱ्या आहेत. तरी निदान आठवड्यातून काही दिवस, चार ओळखीची आणि चार अनोळखी घरे, प्रत्येकी एक घास, एवढे अशक्य नाही. ज्या आश्रमांत हा क्रम आजही चालू आहे तेथील साधूंनी आपला अनुभव या नियतकालिकाकडे लिहून पाठवावा, अशी विनंती आहे.